बिजूचे अंबादासकाका

काका गेल्याचा प्रशांतचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला, माइक बंद केला आणि रडून घेतलं. थोड्या वेळाने कोणीतरी मला काहीतरी विचारलं, त्याचं उत्तरही दिलं. परदेशात राहून माणूस असल्या गोष्टी शिकतो. पण दिवसभर डोक्यात एकच घोळत राहिलं, की आता हे बिजूला कोण सांगणार? बिजू हा घोडा आहे. घोड्याला निरोप द्यायची गरज नसते हे मलाही कळतं, तरी घोळत राहिलं.

अंबादासकाका म्हणजे प्रशांतचे वडील. कॅनडात, ओटावाच्या कनाटा भागात आमची आणि प्रशांतची भिंतीला भिंत होती. काका आर्वीचे, वर्धा जिल्ह्यातले. सगळी नोकरी एसटीत, डेपोत ट्रॅफिक कंट्रोलर. त्या फलाटावरचा भोंगा बारा महिने बिघडलेला, त्यामुळे काकांनी आयुष्यभर गाड्या नुसत्या गळ्यावर सोडल्या. आवाज असा की बाजूच्या रसवंतीवाल्याला वर्ध्याची गाडी लागल्याचं प्रवाशांच्या आधी कळायचं. तो आवाज घेऊन काका कनाटात आले, जिथे शेजाऱ्याला शिंक आली तर तो खिडकी लावून शिंकतो. पहिल्याच रविवारी आमच्या बॅकयार्डात चहा झाल्याची त्यांनी जी वर्दी दिली, ती ऐकून चार घरांपलीकडचा चिनी गृहस्थ चप्पल घालून बाहेर आला. काकांनी त्यालाही चहा पाजला.

काकी फार आधीच गेलेल्या; बरीच वर्षं काका आर्वीत एकटे राहिले, मग प्रशांत त्यांना इथे घेऊन आला. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण दोघं सकाळी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात फ्रिज सोडून कोणी बोलणारं नाही. काका खिडकीत बसायचे. कुठे जायचं ठरलं की तासभर आधी बूट घालून सोफ्याच्या कडेवर तयार. "गाडी लागली की बसा, सुटली की रडू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आम्हाला डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपासून मुलांच्या लग्नापर्यंत कुठेही ऐकवलं जायचं. मी पुण्याची, म्हणून माझ्यासाठी वेगळी तरतूद होती. "तुम्ही पुण्याचे लोक घड्याळ पाहून उशिरा येता," असं म्हणायचे. मी तोंडाला लागले की खूश व्हायचे.

एका उन्हाळ्यात मुलांना घेऊन मी रेल्वेचं जुनं यार्ड बघायला निघाले होते. काका खिडकीत दिसले, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं. तासाभराच्या रस्त्यावर, नदीकाठच्या एका छोट्या गावात हे यार्ड लोकांनी जपून ठेवलंय. दोन रूळ, एक मालधक्का, चार-पाच लाकडी वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे. पूर्वी एखाददुसरी वाघीण इकडची तिकडे करायला इंजिन पेटवणं परवडायचं नाही, तेव्हा ते काम घोडा करायचा. तेच काम तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिथे करून दाखवायचे. मुलांना, मी खोटं का सांगू, दहा मिनिटांत कंटाळा आला. "कॅन वी गेट आइस्क्रीम?" सुरू झालं. मागे वळून बघते तर काका जागेवर नाहीत.

ते कुंपणाला जाऊन टेकले होते. समोर एक थोराड तांबडा घोडा, त्याच्या खांद्याएवढी उंच वाघीण, आणि वाघिणीच्या कडेला अडकवलेली साखळी. घोडा हिसका देत नव्हता. नुसता पुढे रेलला आणि तसाच रेलून राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग कुठेतरी लाकूड करकरलं आणि एवढं मोठं धूड हललं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, काय झालं काका? म्हणाले, "काही नाही वं पोरी. कोणाले तरी मनापासून काम करताना पाहून लय दिवस झाले."

त्या घोड्याचं नाव बिजू. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दागिना, पण काकांना ते कोणी सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकला. आमच्या गल्लीतच दोन बिजू होते म्हणाले. मालक होता जील नावाचा, फ्रेंच बोलणारा क्युबेकचा म्हातारा. नदीपलीकडे त्याचं शेत. उमेदीच्या काळात रेल्वेत होता, आता दर शनिवार-रविवारी ट्रेलरमधून घोडा घेऊन पूल ओलांडून यायचा. त्याचं इंग्रजी एका बाजूने मोडलेलं, काकांचं दुसऱ्या बाजूने. दोघांना एकमेकांचं नीट कळायचं आणि तिसऱ्याला काही कळायचं नाही.

पुढच्या शनिवारी काका सकाळी आमच्या दारात बूट घालून उभे. मला चक्क कामाला लावलं होतं. ड्रायव्हिंग मी, डबा प्रशांतच्या बायकोचा, आणि उत्साह काकांचा. आधी त्यांना पाणी भरायला दिलं, मग लीद काढायला, मग खरारा करायला. पहिला पूर्ण उन्हाळा जीलने त्यांना साखळीला हात लावू दिला नाही. काकांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. "कंडक्टर होऊन आल्याशिवाय कंट्रोलर होता येत नाही," म्हणायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात साखळी त्यांच्याकडे आली. ते काम मी इतक्या वेळा पाहिलंय की झोपेत सांगेन. घोडा रुळांच्या मधून चालत नाही, कडेने चालतो. साखळीचा आकडा वाघिणीच्या अंगाला. वाघीण एकदा चालू लागली की तिला कोणी धनी नसतो, ती घोड्यासाठी थांबत नाही. म्हणून ती सुटली रे सुटली की साखळी धरणाऱ्याने आकडा ठोकून काढायचा. साखळी खडीवर पडते, तिचा आवाज होतो, आणि तो आवाज ऐकून घोडा आपला आपण बाजूला निघतो. लगाम नाही, चाबूक नाही. डोळ्यांना झापडं असतात, मागचं त्याला काही दिसत नाही. सगळा कारभार कानावर. आणि निघायला तर हवंच, कारण त्याच बाजूला पुढे मालधक्का आहे, आणि वाघीण आणि धक्का यांच्यामध्ये घोडा मावत नाही. जील वाघिणीवर ब्रेकच्या चाकाशी बसलेला असायचा. तो तिला धक्क्यापाशी अलगद टेकवायचा.

जील एकच गोष्ट शिकवायचा. साखळी सोडून द्यायची खडीवर, हातात धरून ठेवायची नाही. "लेट हिम हिअर," म्हणायचा, आणि स्वतःच्या कानाला बोट लावायचा. काका मला गाडीत सांगायचे, "पाह्य, त्याचा आपल्यावर केवढा भरवसा आहे. मागं वळून पाहत पण नाही. आपले प्रशांतराव रस्ता ओलांडताना माहा हात धरते."

प्रशांतला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं. एकदा आमच्याच डायनिंग टेबलावर त्याचा स्फोट झाला. "बाबा, धिस इज नॉट सेफ. तुम्ही पंचाहत्तरीला आलात. एवढा मोठा घोडा, ती वाघीण... तुम्हाला काही झालं म्हणजे?"

काका शांतपणे वरणभात कालवत होते. "काही झालं म्हणजे? अरे, मले तर घरात बसल्या बसल्या काही होऊन राहिलं होतं. ते तुले दिसलं नाही."

 त्यानंतर प्रशांतने तो विषय काढला नाही, फक्त वडिलांना पुढे पोलाद घातलेले चांगले स्टील-टोचे बूट आणून दिले.

बिजूशी काकांचं जे होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. गाडीतून उतरले की कुंपणापासून दूर असतानाच हाक मारायचे, "बिजूऽऽ!" आर्वी डेपोतली हाक ती. बिजू समोरचे ओट टाकून चालत यायचा. मालकाच्या हाकेला तो खाणं संपवून यायचा, काकांच्या हाकेला टाकून यायचा. जील याबद्दल घोड्याला फ्रेंचमध्ये काहीतरी सुनवायचा, ते शिव्यांसारखं वाटायचं.

एकदा मी त्यांना शोधत तबेल्यात गेले. काका पाठमोरे होते, खरारा करत होते आणि बोलत होते. आधी सुनेने भेंडीला चिंच घातल्याची तक्रार झाली. मग म्हणाले, "तुझी काकी असती ना बिजू, तर तुले पाहून घाबरली असती आधी. मग घरातली सगळी भाकर तुलेच घातली असती. तिले दवाखान्यात नेलं ना, तेव्हा मी ड्युटीवर होतो. मंगळवारचा बाजार होता, गर्दी लय. म्हटलं, शिफ्ट संपली की जातो." खराऱ्याचा हात चालूच होता. काकीच्या शेवटाबद्दल काका आमच्यापैकी कोणाकडे कधी अवाक्षर बोलले नव्हते. मी आल्या पावली मागे फिरले आणि बाहेर जाऊन उगीचच खोकले.

मग तो पोळा आला.

पोळ्याला विदर्भात बैलाकडून काम घेत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळतात, जेवायचं आवतन देतात, आणि पोळ्याला सजवून, ओवाळून, पुरणपोळी चारतात. पोळा त्या वर्षी ऐन शनिवारी आला आणि काकांच्या मनाने घेतलं की बिजूचा पोळा करायचा. "पण काका, तो घोडा आहे," मी म्हटलं.

"खांद्यावर ओढते ना? मग झालं."

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी रजा टाकली आणि आम्ही दोघं नदीपलीकडे जीलच्या शेतावर गेलो. काकांनी तूप-हळद कालवली आणि बिजूचा खांदा, जिथे जूसारखी ती चामड्याची गादी बसते, तिथे हलक्या हाताने मळत राहिले. बिजूने खालचा ओठ लोंबता सोडून डोळे मिटले. मग काका समोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जीलने मला अर्थ विचारला. मी सांगितला, की वर्षभराच्या कष्टाबद्दल त्याला उद्या जेवायला बोलावलंय. जीलने डोक्यावरची कॅप काढली, घोड्याच्या वतीने "मेर्सी", म्हणजे धन्यवाद, म्हणाला, आणि कॅप हातात घेऊनच उभा राहिला.

अडचण एकच होती. उन्हाळा संपायच्या आधीचा तो शनिवार म्हणजे यार्डाचा सगळ्यांत गर्दीचा दिवस. काकांनी यार्डाच्या ऑफिसातल्या बाईंना सांगून पाहिलं होतं, की त्या दिवशी बिजू काम करणार नाही. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, लांबून लोक येतात, लहान मुलं येतात, नुसता घोडा बघून त्यांचं कसं व्हायचं? शेवटी एका फेरीवर तडजोड झाली. काकांना ते मनातून टोचलं. परतताना म्हणाले, "एकच फेरी आहे म्हणा. पण पोळा तो पोळा." मग जरा वेळाने म्हणाले, "सजवू मात्र असं, की त्याचं मन राहील."

सजवायला काय कमी नव्हतं. सुनेचा भाऊ आर्वीहून येताना बेगड, गोंडे, नवी झूल आणि पितळी घुंगरांची माळ घेऊन आला होता. शनिवारी सकाळी काकांनी बिजूला असा नटवला की लोकांनी रांगा लावून फोटो काढले. कपाळावर गोंडे, आयाळीत बेगड, गळ्यात घुंगरं. मान हलवली की अख्खं यार्ड वाजायचं. जीलला घुंगरांचं काही वावगं वाटलं नाही. हिवाळ्यात बर्फावरची गाडी ओढताना त्यांच्याकडे घोड्यांना घंटा बांधतातच. बिजूही वर्षानुवर्षं घंटा बांधून चाललेला. पण बर्फावर हातात लगाम असतो, घोड्याला ऐकू आलं काय नि नाही आलं काय. हा फरक आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही. माझ्या तर येणं शक्यच नव्हतं, मी फोटो काढत होते.

बिजू रेलला. वाघीण हलली. लोक टाळ्या वाजवायला लागले. काकांनी नेहमीसारखा आकडा ठोकला, साखळी खडीवर पडली. ती पडलेली मी पाहिली, पण तिचा आवाज मलाही आला नाही. घुंगरं वाजत होती. बिजू बाजूला निघाला नाही. त्याच्या हिशेबाने साखळी अजून लागलेली होती, काम चालू होतं. तो मान खाली घालून सरळ चालत राहिला, धक्क्याकडे. काका ओरडले. तो आवाज त्याने ऐकला, आणि हाक ऐकल्यावर जे करायचं ते केलं. थांबला, आणि काकांकडे वळायला लागला. जीलने ब्रेकचं चाक सगळ्या अंगाने दाबलेलं होतं, लोखंड किंचाळत होतं. वाघीण थांबली, पण वीतभर पुढे जाऊन. बिजूचा मागचा पाय तिची पायरी आणि धक्का यांच्यामध्ये सापडला होता.

पुढचं मी थोडक्यात सांगते. बिजू ओरडला नाही. घोडे अशा वेळी फारसा आवाज करत नाहीत हे मला तेव्हा कळलं. काका त्याची मान एका हाताने धरून होते आणि जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत दुसऱ्या हाताने एकेक घुंगरू चाकूने कापून काढत होते, जसं काही त्याचा आता उपयोग होता. बेगडाचे तुकडे खडीत पडले होते. माझी धाकटी माझ्या कमरेला धरून विचारत होती, "इज ही गोइंग टू डाय, आई?" 

बिजू मेला नाही. डॉक्टरांनी जीलला स्वच्छ विचारलं होतं, की त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का? जील नाही म्हणाला. पाय पुन्हा कामाचा होणार नव्हता. टिकला तर उभं राहण्यापुरता टिकणार होता, आणि त्यासाठी बिजूने कित्येक महिने जागचं हलायचं नव्हतं. उभं राहायचं, एवढंच औषध.

आठवड्याने यार्डाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. काकांनी मला बरोबर घेतलं, भाषांतराला. जील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, आमच्याकडे न बघता. यार्ड चालवणाऱ्या समितीतले एकेक जण बोलले. सगळ्यांचा रोख हळूहळू एका जागी येऊन थांबला, की ब्रेक उशिरा लागला. जीलचं वय झालंय. जीलला आता वाघिणीवर बसवणं बरोबर नाही. सगळं फार गोड आवाजात चाललं होतं, मध्येमध्ये जीलचे आभारही मानत होते. त्या भल्या माणसाने रेल्वेत जन्म काढला होता, पण तो जमिनीकडे बघत सगळं ऐकून घेत होता.

काका माझ्या कानाशी लागले, "काय म्हणून राहिले?" मी सांगितलं. काकांचा चेहरा बघून मला कळलं की ते काय करणार आहेत, आणि त्याने काय होणार आहे. या देशात काकांची एकच जागा होती, त्या घोड्याच्या शेजारची. गप्प बसले असते तर दुसरा घोडा आला असता, साखळी त्यांच्याच हातात राहिली असती. मी हळूच म्हटलं, "काका, आपण घरी जाऊन बोलू."

ते उभे राहिले. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"नो," काका म्हणाले. "ब्रेक ओके. जील ओके. बेल इज माइन. बिजू वर्क बाय इअर." त्यांनी आपल्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले. "आय क्लोज हिज इअर. आय."

 मग ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, थँक यू. बस्, तेवढंच. घोड्याचं काम त्यांनी बंद केलं. वाघिणी आता छोटा ट्रॅक्टर ओढतो. काकांना कोणी येऊ नका म्हटलं नाही, आणि पुन्हा कोणी बोलावलंही नाही. जील आमच्या आधी उठला आणि काकांशी न बोलता ट्रकमध्ये बसून निघून गेला. काका ट्रकमागून जाणाऱ्या रिकाम्या ट्रेलरकडे बघत पार्किंगमध्ये उभे राहिले.

त्यानंतर काका बोलायचे कमी झाले. मला ते आधी भिंतीतून कळलं, कारण भिंतीपलीकडून ऐकू यायचं काही राहिलंच नाही. दर दोन-तीन दिवसांनी येऊन ते मला जीलला फोन लावायला सांगायचे. तो उचलायचा नाही. "बिझी असंल," म्हणायचे. म्हातारा शेतकरी घोडा बांधून घरात बसलाय, तो कसला बिझी! पण मीही हो म्हणायचे. एक दिवस प्रशांत रात्रीच्या जेवणाआधी माझ्याकडे आला आणि दारातच म्हणाला, "प्लीज त्यांना कुठेतरी घेऊन जा. कुठेही. ते फक्त बसून असतात गं." हाच प्रशांत, ज्याला ते बाहेर गेलेले नको असायचे. 

त्यातच त्याला पार पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला नोकरी मिळाली. घर विकायला लागलं. काकांना विचारलं, येता ना? काका म्हणाले, "सामानाले कोणी विचारते का बाप्पा?" हे ते कडवटपणे म्हणाले नाहीत, गमतीने म्हणाले, म्हणून अजून वाईट वाटलं.

निघायला थोडे दिवस राहिले असताना जीलचा फोन आला. मलाच आला. माझ्या फोनवरून त्याला एवढे कॉल गेले होते की नंबर पाठ झाला असेल. त्याने हॅलो म्हटलं नाही. "टेल द ओल्ड मॅन टू कम," म्हणाला. मग पुढे म्हणाला, "बट ही मस्ट नॉट कॉल हिम. यू अंडरस्टँड? बिजू हिअर दॅट व्हॉइस, बिजू कम. अँड द लेग, फिनी. फिनिश्ड."

मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. काकांनी मान हलवली आणि बूट घालायला गेले.

ऑक्टोबर सरत आला होता, झाडांची पानं केव्हाच गळून गेली होती. पूल ओलांडला, जीलच्या शेताचा फाटा आला, तेव्हा काका म्हणाले, "इथंच थांबव. रस्त्यावर." मी म्हटलं, आत जाऊ ना, जील वाट बघतोय. म्हणाले, "नको. गाडी ओळखते तो तुझी." मग काच खाली करून हात बाहेर धरला, वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहिलं. वारा शेताकडून आमच्याकडे येत होता. तेव्हा कुठे ते उतरले.

कुंपणाशी गवताच्या गाठोड्यांची एक गाडी सोडून ठेवलेली होती. काका तिच्या आड जाऊन उभे राहिले. पलीकडे कोठाराच्या भिंतीला लागून एक छोटा कठडा केला होता, त्यात बिजू. मागचा पाय गुंडाळलेला, टेकवायचा म्हणून टेकवलेला. आयाळ कोणी विंचरली होती. जील त्याच्या बाजूला उभा होता, एक हात त्याच्या तोंडाच्या दोरीवर, मोरकीवर. त्याने आम्हाला पाहिलं. हात केला नाही, फक्त डोक्यावरची कॅप काढली.

आम्ही किती वेळ उभे होतो मला माहीत नाही. एकदा बिजूचा कान आमच्याकडे फिरला. नुसता कान. काकांची छाती श्वासाने फुगली, मला ती शेजारी उभं राहून दिसली. हाक मारायच्या आधी ते अशीच छाती भरून घ्यायचे. मग त्यांनी गळ्यातला मफलर वर ओढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. कान थोडा वेळ तसाच राहिला आणि मग परत फिरला. बिजूने डोकं खाली घातलं आणि खायला लागला.

काकांनी मला मानेने खुणावलं. आम्ही गाडीत बसलो. मी दार लावून घेतलं, तेवढ्या आवाजानेही ते दचकले आणि त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. आपल्या बाजूचं दार त्यांनी ओढून घेतलं, पण लावलं नाही, हातानेच धरून ठेवलं. दार उघडं आहे म्हणून गाडी आतल्या आत टिंग टिंग करत होती.  मी हळूहळू गाडी काढली. फाटा मागे पडला, जीलचं कोठार झाडांआड गेलं, तरी ते दार धरूनच बसले होते.